पत्रकातून गाळलेलं एक वाक्य

बाई, शनिवारी तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही.

मला दोनदा बोलावलं. मुख्याध्यापक स्वतः माइक धरून म्हणाले, "चित्राताई आल्या आहेत. बाईंचा त्यांच्यावर फार जीव होता. त्यांनी दोन शब्द बोलावेत." सगळा हॉल मागे वळला. साकीनाक्याच्या कारखान्यांच्या फाटकांवर, असल्फ्याच्या टेकडीवर पाण्याच्या पिंपावर उभी राहून बोललेली मी. हिच्या आवाजाला माइक लागत नाही, असं लोक म्हणतात. त्या दिवशी मी नुसती मान हलवली. शेजारी बसलेल्या शिक्षिका कुजबुजल्या, "कंठ दाटून आला असेल बिचारीचा." मी ते तसंच राहू दिलं. कंठबिंठ काही दाटला नव्हता. लाज वाटत होती. लोकांनी लाजेला दुःख समजून घेतलं आणि मी तेवढाही मान निमूटपणे पदरात पाडून घेतला.

मुख्याध्यापक पुढे काय बोलले ते तुम्ही ऐकायला हवं होतं. "परुळेकर बाई काळाबरोबर बदलल्या. पालकांनी एक सूचना केली, तर बाईंनी आपली वर्षानुवर्षांची पद्धत हसत हसत सोडली. केवढा मनाचा मोठेपणा!" हसत हसत! एरवी अशा वाक्याला मी जागच्या जागी उठून हाणलं असतं. पण ती "पालकांची सूचना" म्हणजे माझं पत्रक होतं. उठून काय बोलणार?

म्हणून आता लिहिते आहे. तुम्ही वाचणार नाही, हे ठाऊक असल्यामुळे धीर झाला, हेही आधीच कबूल करते.

गेल्या जुलैत मी तुमच्या वर्गात पहिल्यांदा आले ती वही घेऊन. आमच्या गटाचं काम तेव्हा एकच होतं: कुठल्या शाळेत मुलांना मारतात याची नोंद करायची आणि ती शाळा चव्हाट्यावर आणायची. असल्फा, भटवाडी, साकीनाका असं एकेक करत आम्ही हिंडत होतो. बऱ्याच शाळा दारातूनच हाकलत. तुम्ही म्हणालात, "बस मागे. फक्त मुलांशी बोलू नको, त्यांचं लक्ष जातं."

तिसरीचा वर्ग. पन्नासच्या वर मुलं. बहुतेकांचे वडील गिरण्या बंद पडल्यावर साकीनाक्याला लेथवर नाहीतर पॅकिंगला लागलेले. प्रत्येकाच्या पुढ्यात पावडरचा नाहीतर बिस्किटांचा रिकामा डबा आणि जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली कार्डं. कार्डाच्या पुढे एक एवढासा प्रश्न, मागे उत्तर. मूल गणित सोडवी, कार्ड उलटं करून स्वतःच तपासे, बरोबर आलं की हात वर करी. तुम्ही रांगांमधून फिरत होता आणि हात वर दिसला की त्या डब्यात एक चिंचोका टाकत होता. टक्. दहा चिंचोके झाले की त्या मुलाला मधल्या सुट्टीची घंटा वाजवायला मिळे. उत्तर चुकलं तर काहीच नाही. ओरडा नाही, टोमणा नाही. तेच कार्ड पुन्हा. वर्गभर नुसतं टक्, टक्, टक्.

मला तो आवाज सहन झाला नाही.

तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या नसीमने विचारलं, "बाई, तेरा बोरं चौघांना वाटली. तीन-तीन आली. एक उरलं. ते कुणाचं?"

तुम्ही म्हणालात, "बाकी एक. बरोबर आहे. पुढचं कार्ड घे." टक्.

नसीमने चिंचोक्याकडे पाहिलं, मग तुमच्याकडे पाहिलं आणि पुढचं कार्ड घेतलं. मी वहीत ते लिहिलं आणि पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत खाली रेघ ओढली. मला माझं पत्रक मिळालं होतं.

सुट्टीत मी तुम्हाला सरळच विचारलं. "बाई, हे काय चाललंय?"

"भागाकार."

"हे शिकवणं आहे? कुत्र्याला बिस्कीट दाखवून शेकहँड करायला लावतात, तसं आहे हे."

"कुत्र्याला लाथ मारूनही शिकवतात. तसं मी करत नाही, ते दिसलं का तुला?"

मग तुम्ही बाकावर बसून मला सगळं समजावून सांगितलंत. मी ऐकत होते की वाद घालायला टपून बसले होते? टपूनच. तरी लक्षात आहे. बी.एड.ला तुम्ही वर्तनवाद शिकलात आणि परीक्षा झाल्यावर तो सोडून न देणाऱ्या तुम्ही वर्गात एकट्याच होतात. पोराच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, म्हणालात. दिसतं ते त्याचं वागणं. म्हणून वागण्याकडे बघायचं. बरोबर घडलं की ताबडतोब दाद द्यायची, उद्या नाही, आत्ता. पायरी एवढी लहान ठेवायची की मूल पडूच नये. "हातावर छड्या खाऊन आलेली पोरं आहेत ही, दुसरीतून. गणिताची वही काढा म्हटलं की पहिल्या आठवड्यात दोघी रडायला लागल्या. वही काढली की काहीतरी बरं घडतं, एवढं आधी त्यांच्या अंगात मुरू दे. चिंचोके मी कमी करत नेणार आहे. आत्ता दर कार्डाला. गणपतीनंतर पाच कार्डांना एक. दिवाळीनंतर केव्हातरी, मनात येईल तेव्हा. मग डबे घरी. तेव्हा ये बघायला."

निघताना मी खिडकीपाशी थांबले. शाळेने प्रत्येक वर्गाला एक छडी दिलेली असते. तुमच्या वर्गातली छडी खिडकीतल्या कुंडीत रोवलेली होती आणि तिच्यावर घेवड्याचा वेल चढवलेला होता. मी विचारलं, "कधीपासून?" तुम्ही म्हणालात, "तीन वर्षं झाली. वेल दरवर्षी नवा, छडी तीच."

मी वहीत लिहिलं: या वर्गात छडी वापरत नाहीत. तीन वर्षं.

मोहन हा आमच्या गटातला सगळ्यात जुना कार्यकर्ता. पत्रकाबद्दल त्याचा एकच नियम: एक बाजू. दोन बाजूंचं पत्रक कुणी वाचत नाही, मागच्या बाजूत भजी बांधली जातात. त्यामुळे आम्ही सगळे एका बाजूत लिहायला शिकलो. शिंप्याच्या दुकानावरच्या पोटमाळ्यात बसून मी सायक्लोस्टाइलचं स्टेन्सिल कोरायला घेतलं. मथळा होता, "आमची मुलं माकडं नाहीत!" कुत्रा, घंटा, डबे, नसीमचं बोर, सगळं आलं. गरिबांच्या पोरांना विचार करायला नको, फक्त बरोबर वागायला शिकवा, म्हणजे उद्या ती मशीनवर निमूट उभी राहतील, असं लिहिलं. ते मला आजही खोटं वाटत नाही. पण ते राहू दे.

खाली दोन ओळींची जागा उरली. माझ्याकडे दोन ओळींच्या दोन गोष्टी होत्या. एक, वहीतली: या वर्गात गेली तीन वर्षं छडी वापरलेली नाही. दुसरी, तिथल्या तिथे सुचलेली: "डमरू नको, शिक्षण हवं! दाणे नकोत, ज्ञान हवं!"

मी दुसरी कोरली.

मला कुणी सांगितलं नव्हतं, बाई. मोहन खाली चहा सांगायला गेला होता. माझी वही त्याने उघडूनही पाहिली नव्हती. मारणाऱ्या शाळा शोधायला निघालेली मी, न मारणाऱ्या एका वर्गात जाऊन आले आणि तेवढंच गाळलं. कारण काय, तर ते वाक्य घातलं की पत्रक मवाळ होत होतं. वाचणारा म्हणाला असता, "मग बरंच आहे की!" मला तसं म्हणू द्यायचं नव्हतं.

पत्रक मी तुमच्याच शाळेच्या फाटकावर वाटलं. दुपारच्या पाळीची मुलं आत जायची वेळ. तुमचं नाव घातलं नव्हतं, "तिसरीचा एक वर्ग" एवढंच. जणू कुणाला कळणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही पोटमाळ्याच्या उभ्या शिडीवरून, एका हाताने निऱ्या सावरत, वर आलात. आम्ही पाचजण उठून उभे राहिलो. शाळेत उठतो तसे. तुम्ही म्हणालात, "बसा, बसा. मी तपासणीला नाही आले." मग माझ्यासमोर सतरंजीवर बसलात आणि पर्समधून पत्रक काढलंत.

"भाषा झणझणीत आहे."

"बाई, व्यक्तीवर रोख नाही आमचा. हा तत्त्वाचा..."

"तत्त्वाचं सावकाश बोलू. छडीचं लिहिलं नाहीस?"

"जागा नव्हती."

तुम्ही पत्रक उलटं केलंत. मागची बाजू पांढरीशुभ्र. तुम्ही पत्रकाची घडी घातलीत आणि पर्समध्ये ठेवलीत. म्हणालात, "बरं. चहा मिळतो का तुमच्याकडे?"

तुम्ही भांडला असतात तर मी भांडले असते. मला तेवढंच येतं. तुम्ही चहा मागितला म्हणून आपली ओळख झाली.

त्यानंतर दर गुरुवारी मी शाळा सुटल्यावर तुमच्या घरी येऊ लागले. शाळेत तुम्ही अगदी पुस्तकातलं मराठी बोलायचात आणि घरात पाय टाकला की मध्येच मालवणी. मला दारात बघून आत सांगायचात, "इली गो बाय, पत्रकवाली! आता माझा काय खरा नाय." आणि कुळथाची पिठी पुढ्यात ठेवून म्हणायचात, "खा आधी. उपाशी पोटी तुझो वर्तनवादाशी झगडो नको."

केवढं भांडलो आपण. मी म्हणायचे, तुमच्या पद्धतीत मूल कुठे आहे? कार्ड आहे, उत्तर आहे, बक्षीस आहे. मूल विचारतं "का?" तेव्हा त्याला काय देता? तुम्ही म्हणायचात, "का विचारायला आधी पाटी हातात धरता यावी लागते. तुमच्या गटात बसून पोरं स्वतंत्र होत नाहीत, चित्रा. सातचा पाढा आला की थोडीशी होतात." मी म्हणायचे, लाच देऊन शिकवलेला पाढा. तुम्ही म्हणायचात, "मग पगार घेऊन शिकवलेलं काय? मी महिन्याच्या एक तारखेला हात पुढे करते, तो माझा चिंचोका."

एकदा तुम्ही रिक्षा स्टँडवरच्या आमच्या सभेला येऊन मागे उभ्या राहिलात. सभा संपल्यावर मी धावत आले. "कसं झालं?"

"छान. डमरू म्हणालीस तेव्हा जोरात टाळी पडली."

"हो ना!"

"मग पुढच्या पाच मिनिटांत ते तीनदा म्हणालीस. दोनदा टाळी. तिसऱ्यांदा नाही पडली, तर तोंड एवढंसं झालं तुझं. मग आवाज चढवून चौथ्यांदा म्हणालीस."

"म्हणजे मी काय कबूतर आहे का बाई? दाणा पडला की चोच मारणारं?"

"नाय गो. कबूतर एवढा चिडणा नाय."

मोहन मागे उभा होता, तो हसून हसून वाकला. मला राग आला आणि हसूही आलं. घरी जाताना मात्र मी मनातल्या मनात मोजत गेले. खरंच चारदा म्हणाले होते.

नसीमच्या बोराचा वाद तेवढा मी जिंकले होते. बाकीच्या सगळ्या वादांत तुमच्याकडे उत्तर असे. बोर काढलं की तुम्ही गप्प व्हायचात. एकदा म्हणालात, "ते चुकलंच. त्या पोरीने खरं गणित विचारलं आणि मी तिला गप्प बसल्याबद्दल चिंचोका दिला." विरोधकाची चूक अशी तोंडाने कबूल होताना मी पहिल्यांदा ऐकली. आमच्यात तशी रीत नाही. आमच्यात चूक झाली की दुसरं पत्रक काढतात, दुसऱ्याच विषयावर.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच गुरुवारी तुम्ही पिठी वाढली नाहीत. सांगितलंत, मुख्याध्यापकांनी बोलावलं होतं. त्यांच्या टेबलावर काचेखाली माझं पत्रक होतं. पालकांच्या संघटनांचा आक्षेप आहे, शाळेच्या समितीचं म्हणणं आहे, डबे आणि कार्डं बंद करा. वर्ग दुसऱ्या सरांकडे दिला. तुमच्याकडे हजेरीपट आणि ग्रंथालयाचं कपाट. तुम्ही म्हणालात, "तुमच्या पत्रकाचा शाळेला उपयोग झाला." त्यात टोमणा नव्हता. बातमी होती.

मी काय केलं ते सांगते. मी गटात जाऊन सांगितलं, "डबे बंद झाले!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोहनने आपल्या हातातला वडापाव माझ्या हातात दिला. तोवर ते पत्रक मुलुंडला आणि बोरीवलीला पण लोकांनी नक्कल करून वाटलं होतं. कुठेही गेले की कुणीतरी म्हणे, "ती माकडांवालं पत्रक लिहिणारी ना तू? झकास लिहिलंयस यार." टक्.

तुमचा वर्ग गेला हे मी गटात त्या दिवशी सांगितलंच नाही.

पुढच्या गुरुवारी तुम्ही म्हणालात, "फूटपट्टी आली गो वर्गात. लाकडी. सपाट नाही मारत, कडेने मारतात. नसीम आता काही विचारत नाही." मग तुम्ही म्हणालात, "माझ्या बाजूने लिही असं म्हणत नाही मी. माझी पद्धत वाईट म्हणतेस, तर तसंच म्हण. फक्त ते एक वाक्य छाप. त्या वर्गात छडी नव्हती, एवढंच. समिती तुझं पत्रक धरून बसली आहे, तुझंच वाक्य त्यांच्यापुढे ठेवता येईल. दोन ओळी."

मी म्हटलं, "गटात ठेवते."

पुढल्या गुरुवारी तुम्ही दार उघडायच्या आधीच विचारलंत, "काय झालं?"

मी म्हटलं, "गट तयार नाही. विरोधकांच्या हातात कोलीत मिळेल म्हणतात."

"मोहन पण नको म्हणाला?"

"मोहनच नको म्हणाला."

बाई, गटाने नाही म्हटलं नव्हतं. मोहनला तर काही ठाऊकच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं कुणाला. पोटमाळ्यावर जायची, विषय काढायचा म्हणून तोंड उघडायची आणि दुसरंच काहीतरी बोलून खाली यायची. विचारलं असतं तर वही दाखवावी लागली असती. वहीत तारीख होती. म्हणजे मला आधीपासून माहीत होतं, हे सगळ्यांना कळलं असतं. माकडांवालं पत्रक लिहिणारी मी, तिने ते कसं लिहिलं हे कळलं असतं.

तुम्ही फक्त मान डोलावलीत. "मोहनकडून मला वेगळी अपेक्षा होती," म्हणालात. मी तुम्ही दिलेला चहा प्यायले.

संपावरच्या कामगारांपुढे मी सांगते, खोटं बोलणाऱ्याला भर रस्त्यात जाब विचारा. माझं खोटं तर घरात, चहाच्या कपामागे होतं. मला कोण विचारणार?

जानेवारीत तुम्ही आजारी पडलात आणि घरीच असायचात. मोहन मोसंबी घेऊन तुम्हाला भेटायला आला, माझ्याबरोबर. आठवतं? तुम्ही त्याला आधी "अरे मोहन्या" म्हणायचात. त्या दिवशी म्हणालात, "या. बसा." आणि मग भिंतीकडे तोंड केलंत. दहा मिनिटांत तो उठला. जिना उतरताना त्याने मला विचारलं, "बाई माझ्यावर नाराज आहेत का गं? मी काही बोललो का?" मी म्हटलं, "आजारी माणूस आहे. मनावर घेऊ नकोस." तो म्हणाला, "खरं आहे," आणि पुढच्या वेळी पुन्हा मोसंबी पाठवली. स्वतः आला नाही, तुम्हाला त्रास नको म्हणून.

शेवटच्या भेटीत तुम्ही उशाखालून कार्डांचा गठ्ठा काढलात. त्याच लग्नपत्रिका, तेच बारीक अक्षर. पहिलं कार्ड: "तेरा बोरं, चार मुलं. उरलेलं बोर कुणाचं?" मी उलटं केलं. मागे काही नव्हतं. दुसरं, तिसरं, कशाच्याच मागे उत्तर नव्हतं. म्हणालात, "ह्यांना चिंचोका नाय. ह्यांच्यावर नुसता बोलायचा. तुझ्या बोलण्याने केली ही. वर्ग नाय, तरी केली."

तुम्ही माझं म्हणणं इतके महिने घोळवून त्याची कार्डं केलीत. मी तुमच्या दोन ओळी छापल्या नाहीत.

मग तुम्ही विचारलंत, "मोहनाक परत एकदा विचारशील?" मी म्हटलं, "विचारते." तुम्ही डोळे मिटलेत. आपल्यातलं शेवटचं वाक्य ते. विचारते.

दिवाळीनंतर ये बघायला, असं तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणाला होता. चिंचोके कमी झाल्यावर पोरं गणितं सोडवत राहिली की थांबली, आपल्या दोघींत कोण बरोबर, हे त्या वर्गातच कळलं असतं. ते कळायच्या आधीच मी तो वर्ग मोडला. आता कुणीही बरोबर नाही. मला तुमच्याशी मरेपर्यंत भांडायचं होतं बाई, आणि मी भांडणच खोटं करून ठेवलं.

शोकसभेहून निघताना दारात एक बाई आडव्या आल्या. नसीमची आई. माझा हात धरून म्हणाल्या, "तुमीच ना ती पत्रकवाली? लई बरं केलं तुमी. पयले ती डबे वाजवायची नुसती. आता सर मारतात ना, तर पोरगी गपचूप अभ्यासाला बसते." त्या मनापासून बोलत होत्या. माझा हात सोडत नव्हत्या. मी "हो" म्हटलं. हो म्हटलं, बाई! तोंडातून तेच आलं. कौतुक झालं की मी हो म्हणते.

फाटकाबाहेर आले. तिथल्या कट्ट्यावर बसले. त्या दिवशी पहिल्यांदा रडले आणि ते तुमच्यासाठी नव्हतं.

काल, रविवारी सकाळी, मी पोटमाळ्यावर वही घेऊन गेले. सगळे होते. मी जुलैचं पान उघडून मोहनच्या पुढ्यात ठेवलं आणि सगळं सांगितलं. स्टेन्सिलच्या दोन ओळींपासून "मोहनच नको म्हणाला" पर्यंत. एरवी मी बोलताना हात हलवते. काल ते मांडीखाली घालून बसले होते.

मोहनने ते पान दोनदा वाचलं. म्हणाला, "अगं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस? लगेच काढलं असतं. दोन ओळी तर होत्या."

मग त्याने पानावरच्या तारखेवर बोट ठेवलं.

"समितीपुढे मी स्वतः गेलो असतो." मग त्याने चष्मा काढला. "म्हणजे त्या दिवशी बाईंनी भिंतीकडे तोंड केलं ते... त्या हेच समजून गेल्या? माझ्याबद्दल?"

मी म्हटलं, "हो."

तो उठला आणि शिडी उतरून गेला. मग बाकीचेही गेले. कुणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

स्टेन्सिल मी एकटीने कोरलं. मथळा नाही, घोषणा नाही. जुलैमध्ये तिसरीच्या वर्गात गेले तेव्हा तिथे तीन वर्षं छडी बंद होती. हे मला माहीत होतं. मी ते लिहिलं नाही. त्या पत्रकाच्या आधारे तो वर्ग परुळेकर बाईंकडून काढून घेतला आणि आज तिथे फूटपट्टीने मारतात. बाईंनी दुरुस्ती मागितली होती, ती गटाने नाही, मी अडवली, मोहनचा यात काही संबंध नाही. खाली माझं पूर्ण नाव. अर्धं पानसुद्धा भरलं नाही. संध्याकाळी मोहन परत आला, मशीनचं हँडल फिरवू लागला, आणि प्रती झाल्यावर त्यातली एक घडी करून स्वतःच्या खिशात ठेवून गेला. तो माझ्याशी पुन्हा कधी नीट बोलेल की नाही, माहीत नाही.

आज सोमवार. पावणेबाराला दुपारच्या पाळीची मुलं येतील, त्यांना सोडायला आया येतील, ते सर येतील, मुख्याध्यापकांची स्कूटर येईल. मी फाटकावर उभी असेन. पत्रक वाचून कुणीतरी विचारेलच, बाई जिवंत होत्या तेव्हा कुठे होतीस? त्याचं उत्तर पत्रकात घातलेलं नाही. ते छापून वाटून टाकलं की मोकळी होईन, याची भीती वाटते. जो विचारेल त्याला ते तोंडाने सांगणार आहे, त्याच्या डोळ्याला डोळा देऊन. नसीमच्या आईने विचारलं नाही, तरी तिला आधी.